नंबर माहेरचा, नाव सासरचं!

तुमच्या मोबाईल कंपनीचं आजवर किती वेळा लग्न झालंय? हसू नका, बोटं मोजून सांगा. दादरला राहणाऱ्या माझ्या मामाने सिम घेतलं तेव्हा कंपनीचं नाव होतं मॅक्स टच. मग ती ऑरेंज झाली, मग हच, मग २००७ मध्ये व्होडाफोन आणि २०२० मध्ये व्हीआय. एका नंबरची पाच नावं! मामाने स्वतः मात्र काहीच केलं नाही. ना फॉर्म भरला, ना दुकानात गेला. "तुझ्या मामीनेसुद्धा एकदाच नाव बदललं गं," असं तो दर दिवाळीला न चुकता ऐकवतो आणि मामी दर दिवाळीला न चुकता दुर्लक्ष करते.

आमच्या साताऱ्याच्या घरची गोष्ट याहून मजेशीर आहे. बाबांनी पहिला मोबाईल घेतला २००४ मध्ये. टॉर्चवाला नोकिया ११००, सिम बीपीएलचं. (त्याच्या आदल्या वर्षी, १ मे २००३ पासून, इनकमिंग फुकट झालं होतं. त्याआधी समोरच्याने फोन केला तरी पैसे आपलेही जायचे, हे आजच्या इंटर्न मंडळींना सांगितलं की त्यांना वाटतं मी थापा मारतेय.) आईने तिचा मोबाईल चारेक वर्षांनी घेतला आणि आयडियाचं कार्ड घेतलं, कारण तिच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचं आयडिया होतं. बाबांचं बीपीएल २००६ मध्ये हच झालं, मग पाठोपाठ व्होडाफोन. तो पग कुत्रा गुलाबी घरातून लाल घरात राहायला गेला, ती जाहिरात मला अजून आठवते. आई आयडियावर, बाबा व्होडाफोनवर. चहात साखर किती यावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्यांचं नेटवर्कही वेगळं, हे आम्हाला अगदी साहजिक वाटायचं.

आणि मग ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. चाळीस कोटींहून जास्त ग्राहक, देशातली सगळ्यात मोठी मोबाईल कंपनी वगैरे वगैरे. पेपरात मोठमोठ्या बातम्या. आमच्या घरात बातमी एवढीच की आई-बाबा पहिल्यांदा एका पक्षात आले, तेही दोघांना न विचारता.

त्या वेळी मी पुण्यात मास कॉम करत होते आणि हे सगळं मला जाम विनोदी वाटलं होतं. विनोद संपला मागच्या वर्षी, जेव्हा बाबांची अँजिओप्लास्टी झाली.

सगळं नीट झालं, काळजीचं कारण नाही. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली, जिने किती चढायचे ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "फोन कायम हाताशी ठेवा. काहीही वाटलं तर १०८ लावा, मग इकडे फोन करा." आईने मान डोलावली. मी आठवडाभर राहिले आणि पुण्याला परत निघाले. शिवशाहीत बसल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. साताऱ्यात दोघंच. मी एकशे दहा किलोमीटर लांब. लँडलाईन कधीच काढून टाकलेला. घरात फोन दोन, पण दोन्ही एकाच कंपनीचे, म्हणजे बहुतेक एकाच टॉवरवर लोंबकळणारे. वादळात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, रस्ता खोदताना कुणी केबल तोडली की दोन्ही फोन एकदम गप्प. हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं. पूर्वी मात्र एकाचा गेला तर दुसऱ्याचा लागला असता. ही सोय आमच्या घरात दहाएक वर्षं आपोआप होती आणि ती गेलेली कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

खंबाटकीच्या घाटात माझाही फोन गेला. तिथे सगळ्या कंपन्या समान.

तर मंडळी, हा लेख "बेस्ट प्लान कुठला" अशा टाईपचा नाही. चार सिमचा हिशेब लावताना (आई, बाबा आणि माझी दोन) मला जे दिसलं, ते सांगतेय. आमच्या घरात कायदा असा की जी जर्नलिस्ट तिच्याकडे रिचार्जचं खातं.

आधी थोडी हिस्ट्री, कारण तिच्याशिवाय आजचा मेनू इतका छोटा का हे कळत नाही. २०१० च्या आसपास मी आठवी-नववीत होते, तेव्हा नाक्यावरच्या पानटपरीवर एवढ्या कंपन्यांचे बोर्ड लटकायचे की टपरी दिसायची नाही. टाटा डोकोमो, युनिनॉर, एअरसेल, व्हिडिओकॉन, रिलायन्स, एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, बीएसएनएल. डोकोमोने २००९ मध्ये एका सेकंदाला एक पैसा हा फंडा आणला आणि सगळ्यांना तो घ्यावा लागला. त्याआधी एकसष्ट सेकंद बोललात तरी दोन मिनिटांचे पैसे! २० जानेवारी २०११ पासून नंबर पोर्टेबिलिटी देशभर आली, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा. ग्राहकाचा एवढा भाव त्याआधी कधी नव्हता. नंतरही राहिला नाही.

कारण ५ सप्टेंबर २०१६ ला जियो आलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या कॉलेजजवळच्या दुकानापुढे सिमसाठी लागलेली रांग मला चांगलीच आठवते. ॲपमधून कोड काढायचा, आधार दाखवायचा आणि सिम घ्यायचं. कॉल फुकट, डेटा फुकट, ते पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत. तोवर एक जीबी आम्ही महिनाभर पुरवून वापरायचो, फोटो वायफायवरच उघडायचो. आम्हा पोरांची धमाल झाली आणि बाकीच्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या तीन वर्षांत काय काय झालं बघा. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाईल कॉलिंग बंद केलं. एअरसेलने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आधी युनिनॉर असलेलं टेलिनॉर मे २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेलं. टाटा डोकोमोचे ग्राहक १ जुलै २०१९ ला एअरटेलकडे आले. मधल्या काळात व्होडाफोन-आयडियाचं लग्न झालं. त्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा निकाल आला. म्हणजे सरकारला द्यायचा वाटा कुठल्या कमाईवर मोजायचा, या जुन्या वादाचा. त्यात कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटींची थकबाकी बसली. टपरीवरचे बोर्ड उतरले. तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले. २०२५ मध्ये तर दर चार ग्राहकांमागे जवळपास तीन जियो किंवा एअरटेलचे होते.

यातलं व्हीआयचं बघून बाबा मात्र निवांत झाले. सरकारने कंपनीच्या देण्याचे शेअर करून घेतले आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा वाटा जवळपास ४९ टक्के झाला, ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत. "म्हणजे अर्धी सरकारीच की!" ते म्हणाले. कंपनी सरकारी नाही, कारभार सरकार चालवत नाही, हे मी समजावत होते. पण ते आधीच पेपरची घडी घालून उठले होते. त्यांच्या पिढीला 'सरकार' या शब्दाने जी शांत झोप लागते, ती आपल्याला कुठल्याच ब्रँडने लागणार नाही.

मर्जरमध्ये ग्राहकाचं नेमकं काय होतं? खरं तर पहिल्या दिवशी काहीच नाही. एक गोड एसएमएस येतो. तुमचा नंबर तोच, सिम तेच, प्लान तोच, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. आणि तो एसएमएस खरंही बोलत असतो. बदल हळूहळू होतात. दोन कंपन्यांचे एकाच गल्लीत दोन टॉवर असतील तर दोन्हीचं भाडं कोण भरत बसणार? जुने प्लान एकेक करून यादीतून गायब होतात. तुमचा ११९ वाला लाडका पॅक एके दिवशी ॲपमध्ये सापडतच नाही, आणि कस्टमर केअरची मुलगी इतक्या प्रेमाने "मॅम, वह प्लान अब डिस्कंटिन्यू हो गया है" सांगते की भांडताही येत नाही.

त्यापेक्षा वाईट म्हणजे लग्न मोडणं. ते माझ्या ठाण्याच्या मावशीने अनुभवलंय. मुंबईचं बीपीएल हचमध्ये गेलं नाही, वेगळंच राहिलं आणि २००९ मध्ये लूप झालं. लूपचं लायसन्स संपत होतं नोव्हेंबर २०१४ मध्ये. एअरटेलला विकायचं ठरलं होतं, तेही ऐनवेळी बारगळलं. सुमारे ३० लाख ग्राहकांना स्वतःहून नंबर पोर्ट करून बाहेर पडावं लागलं. मावशीने शेवटच्या आठवड्यात धावपळ करून नंबर वाचवला. तिच्या शेजारणीचा गेला. तेव्हा नंबर गेला म्हणजे नातेवाइकांना पुन्हा कळवायचं, एवढंच होतं. आज नंबर गेला तर? बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्यावर, पीएफ, गॅस, डीमॅट, ऑफिसच्या मेलचा पासवर्ड रिसेट, सगळं त्यावर. आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून कंपनीला दुसऱ्या कुणाला देता येतो. म्हणजे तुमचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार.

इथे तुम्हा ऑफिसवाल्यांसाठी एक गोष्ट, लेखाच्या विषयाशी थोडी फटकून. कंपनीने दिलेल्या सिमवर बँक अकाउंट जोडू नका. माझ्या एका मैत्रिणीने जोडलं होतं, कारण "दोन दोन नंबर कोण सांभाळणार यार". लेऑफच्या दिवशी दुपारी लॅपटॉप, आयकार्ड आणि सिम जमा करून घेतलं. त्या संध्याकाळी तिला स्वतःच्याच खात्यातून पैसे काढता येईनात. बॉसशी ब्रेकअप झालं तरी आपला नंबर आपल्याकडे हवा.

असो. हिशेबाकडे येते.

मोबाईल कंपन्यांच्या वर्षात तेरा महिने असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. २८ दिवसांचा पॅक, गुणिले १३, झाले ३६४ दिवस. लोकांनी बोंब मारल्यावर ट्रायने २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवलाच पाहिजे. ठेवलेत. पण ॲप उघडल्यावर समोर येतात ते २८ वालेच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. (एकमेकांशी बोलून नव्हे हं. योगायोग!) उदाहरण म्हणून जियोचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा पॅक घ्या. २३९ चा २९९ झाला. साठ रुपये म्हणजे एक कॅपुचिनोही येत नाही. पण तेरा वेळा केलं तर एका सिममागे वर्षाला ७८० रुपये, आणि चार सिमचे ३१२० रुपये. मला एका फीचरचे जेवढे मिळतात त्याच्या जवळपास. त्या महिन्यात दर न वाढवलेल्या बीएसएनएलकडे लोक पोर्ट करून गेले. आमच्या सोसायटीतले दोन जण गेले. एक टिकला, एक तीन महिन्यांनी परत आला.

मी बाबांचा फोन तपासला. रोज दीड जीबी येत होता आणि रोज रात्री बारा वाजता जवळपास तेवढाच वाया जात होता. घरात वायफाय आहे, बाबा बाहेर गेले की फोन फक्त बोलायला वापरतात आणि यूपीआयचं नाव काढलं की "आपल्याला नको ते" म्हणतात. अशा माणसांसाठी ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये एक चांगलं काम केलं. फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले तेव्हा ८४ दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे आणि वर्षभराला साडेसतराशे-साडेअठराशेच्या आसपास पडत होते. वर्षाचा स्वस्त पडतो, मी म्हटलं. बाबा म्हणाले, "अगं, माझ्या सिमचं नाव तीन वेळा बदललं. एकदम वर्षाचं कशाला भरायचं?" युक्तिवाद बिनतोड होता. ८४ दिवसांचा ठरला.

तोच पॅक आईला द्यावा म्हणून मी खुशीत पुढे गेले आणि आईने मला जमिनीवर आणलं. "आणि राजवाड्यावर भाजी घ्यायला गेले की पैसे कशाने देऊ?" घरच्या वायफायवर बसून मी विसरले होते की आमच्या घरात खरी डिजिटल इंडिया आई आहे. कोथिंबिरीची दहाची जुडीसुद्धा ती स्कॅन करून घेते. रिक्षा, पिठाची गिरणी, फुलवाली, सगळीकडे क्यूआर कोड. तिला डेटा लागतो, पण दिवसाला दोन-चार एमबी. दीड जीबीची तिला गरज नाही आणि शून्यावर तिचं चालणार नाही. तिच्या मापाचे पॅक होते, २८ दिवसांना एकूण दोन जीबीवाले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तेही १८९ ते १९९ झाले होते. यूपीआयसाठी बास. व्हिडिओ घरी येऊन बघायचे, असा तह झाला.

मधल्या काळात एका चकाचक स्टोअरमधल्या मुलाने मला फॅमिली पोस्टपेड विकायचा जबरदस्त प्रयत्न केला. एक बिल, चार सिम, वर ओटीटी फुकट. हिशेबाने वाईट नव्हतं. पण माझं सगळं दुखणंच हे होतं की आमचे सगळे फोन एकाच कंपनीत जाऊन बसलेत, आणि हा मला उरलेले दोनही त्याच डब्यात टाकायला सांगत होता. "मॅम, पूरी फॅमिली एक साथ!" तो म्हणाला. अरे बाळा, तीच तर अडचण आहे.

म्हणजे आता कंपनी निवडायची होती. आणि इथे मला जाहिराती, स्पीडचे आकडे, फाइव्ह-जी, कुणाचीच मदत झाली नाही. स्पीडटेस्ट पुण्यात बाणेरला केली तर त्याचा साताऱ्यातल्या आमच्या मागच्या खोलीशी काय संबंध? बाबा दुपारी त्या मागच्या खोलीत झोपतात. दगडी भिंत आहे, खिडकी डोंगराकडे. नेटवर्क तिथे हवं. शिवाय स्वयंपाकघरात, बाबा चालायला जातात त्या रस्त्यावर, आणि हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये. या चार जागांच्या पलीकडे कंपनी चंद्रावरही कव्हरेज देत असेल तरी आम्हाला काय त्याचं?

ट्रायच्या नियमाप्रमाणे २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागले. बघायला बरे आहेत. आमचं सगळं सातारा त्यात एकसारखं रंगवलेलं दिसलं, मागच्या खोलीसह. मग मी जुनी पद्धत वापरली. रविवारी सकाळी दूधवाले काका आले, त्यांचं सिम एका कंपनीचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं. माझ्या फोनमध्ये दोन. सगळ्यांना मागच्या खोलीत नेऊन एकेक फोन लावायला लावला. दूधवाले काका बिचारे किटली हातात धरून "हॅलो हॅलो" करत होते. बाबा पलंगावर बसून परीक्षकासारखे मार्क देत होते. अर्ध्या तासात निकाल लागला. कुठली कंपनी पहिली आली ते मुद्दामच लिहीत नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या भिंतीआड वेगळीच पहिली येईल.

आता प्रश्न उरला, दोघांपैकी कुणाचं सिम बदलायचं? बाबांचं नको, हे लगेच ठरलं. पेन्शन, बँक, विमा, हॉस्पिटलची फाईल, सगळीकडे तो एक नंबर, आणि पोर्ट होताना फोन थोडा वेळ बंद राहतोच. ऑपरेशननंतरच्या दिवसांत तेवढाही वेळ नको वाटला. शिवाय मागच्या खोलीत त्यांचं नेटवर्क व्यवस्थित चालत होतं. म्हणून आई.

पोर्टिंगची प्रोसेस आता खरंच सोपी झालीय. PORT हा शब्द आणि नंबर १९०० वर एसएमएस करायचा. थकबाकी नसेल आणि त्या कंपनीत नव्वद दिवस झाले असतील, तर एक कोड येतो. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं, आणि आपल्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामाच्या दिवसांत नंबर तिकडे जातो. २०२४ च्या जुलैपासून एक नवी अट आहे. सिम हरवलं म्हणून बदलून घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही. फ्रॉडवाले डुप्लिकेट सिम काढून तेच पोर्ट करून पळायचे, म्हणून. अजून एक, संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते एकदा बघून घ्या. मी आईच्या नावाने बघितलं. तीन निघाले. एक तिचा, एक कॉलेजात असताना मला घेऊन दिलेला, आणि तिसरा कुणाचा ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिथल्या तिथे "माझा नाही" म्हणून कळवता येतं. कळवला.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःचा एक नंबर पोर्ट केला होता. कुठल्या कंपनीतून, ते सोडा. पाच वर्षं त्या कंपनीने मला ढुंकून विचारलं नव्हतं. कोड मागितल्या क्षणापासून दोन दिवसांत चार फोन! डिस्काउंट देतो, एक्स्ट्रा डेटा देतो, मॅम आप क्यूं जा रही हैं? सोडून जाताना एवढं प्रेम कुणाचं उफाळून आलेलं मी खऱ्या आयुष्यातही बघितलेलं नाही. आणि त्यातून एक गोष्ट कळली. त्या दोन दिवसांत जो प्लान ऑफर झाला, तो ॲपवर कुठेच नव्हता. म्हणजे मेनूकार्डच्या मागे अजून एक मेनूकार्ड असतं, आणि ते फक्त उठून निघालेल्या गिऱ्हाइकाला दाखवतात. दहा-बारा हॉटेलं होती तेव्हा कुणीही कधीही उठून जायचं. तीनच उरली की मालक म्हणतो, जाऊन जाऊन जाणार कुठे?

माझ्या दोन सिमचंही मी तेच केलं. एक एका कंपनीचं, दुसरं दुसऱ्या. डेटाच्या पॅकवर रोज दोन जीबीवाला घेतला, कारण अनलिमिटेड फाइव्ह-जी त्याच्यापासून वरच मिळत होतं आणि लाईट गेल्यावर माझं ऑफिस हॉटस्पॉटवर चालतं. दुसऱ्यावर फक्त कॉलिंग. त्यातली एखादी कंपनी उद्या कुणाशी पाट लावेल तेव्हा बघू.

आईचं नवं सिम गुरुवारी चालू झालं. मी व्हिडिओ कॉलवर बसून तिला जुनं काढायला लावलं, स्टेपलरच्या पिनेने ट्रे उघडायला लावला, नवं बसवलं. टेस्ट म्हणून पहिला फोन तिने बाबांना लावला. बाबा शेजारच्याच खोलीत. तिकडे रिंग वाजलेली मला इकडे पुण्यात ऐकू आली.

"लागला का गं?" बाबांनी फोनवर विचारायचं सोडून तिथूनच ओरडून विचारलं.

"लागला की," आई ओरडली. "पण आता मी तुमच्यात नाही हं. चहा लागला तर रीतसर फोन करा."

"साखरेचा कर!"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"नेटवर्क जातंय गं तुझं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.